नेत्रगतीचा विकार आणि देहात दडलेले अर्बुद

काही वर्षांपूर्वी आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील चिकित्सालयात साठी ओलांडलेले एक शेतकरी आले. विडीचे व्यसन जुने. ‘एकाचे दोन दिसते, नजर ठरत नाही’ ही तक्रार. वातप्रकोप गृहीत धरून आम्ही स्नेहन व नस्य योजिले. तीन आठवड्यांनी चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा त्यांना नागपूरला पाठविले. तेथे फुप्फुसाचा कर्करोग आढळला. खोकला नव्हता, थुंकीतून रक्तही नव्हते. ते तीन आठवडे आम्हास आजही सलतात.

अर्बुद नेत्रगतीस दोन मार्गांनी बाधा आणते. नाकामागील घशाचे अर्बुद कवटीच्या तळाशी पसरले, किंवा स्तन-फुप्फुसाचा कर्करोग तेथे पोहोचला, तर सहावी मस्तिष्कनाडी दबते व डोळा बाहेरच्या बाजूस वळत नाही. दुसरा मार्ग अप्रत्यक्ष आहे. अर्बुदाविरुद्ध शरीराने निर्मिलेली प्रतिकारशक्ती लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभावरच आघात करते. मग बुबुळे सर्व दिशांना अनियमित, अखंड उसळत राहतात. यास ‘ऑप्सोक्लोनस’ म्हणतात. संसर्गानेही तो होतो. परंतु प्रौढांत फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग व स्तनाचा कर्करोग ही त्याची महत्त्वाची कारणे होत. नेत्रलक्षण बहुधा अर्बुदाच्या निदानाआधीच प्रकटते.

सुश्रुताचार्यांनी ७६ नेत्ररोग वर्णिले. तथापि येथे चरकोक्त ‘निदानार्थकर रोग’ ही संकल्पना अधिक मार्गदर्शक ठरते. एक व्याधीच दुसऱ्या व्याधीचा हेतू होतो. नेत्र केवळ साक्षीदार असतो.

प्रत्येक द्विधादर्शन कर्करोगजन्य नसते. वृद्धांत मधुमेह व उच्च रक्तदाबामुळे होणारा नाडीघातच अधिक आढळतो व तो बहुधा तीन महिन्यांत सुधारतो. प्रथम रुग्णास एकेक डोळा झाकावयास सांगावे. कोणताही एक डोळा झाकताच दुहेरी दिसणे थांबले, तर दोष नेत्रांच्या समन्वयात आहे. त्यासोबत तोल जाणे, वजन घटणे, आवाज बसणे, मानेत वा स्तनात गाठ, तंबाखूचे व्यसन किंवा पूर्वीचा कर्करोग असल्यास तीन महिने थांबू नये. मेंदूचा एमआरआय व छातीचा सीटी स्कॅन त्वरित करवावा. सायंकाळी पापणी जड होत असल्यास मायस्थेनिया व छातीतील थायमस ग्रंथीच्या अर्बुदाचा विचार व्हावा. पापणी पडून बाहुली विस्फारली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती, की ‘दोन दोन दिसते’ म्हणणाऱ्या वृद्धास नेत्रबिंदूंची कुपी देऊन परत धाडू नये. वेळीच लिहिलेली संदर्भचिठ्ठी हीही चिकित्साच होय.