जमीन नसलेल्या ग्रहावर रेखांश कसा मोजायचा?

ठाणे : ठाण्यात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजून सरासरी ३८ मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ठाणे जवळपास ७३ अंशांवर आहे. साडेनऊ अंशांचा फरक आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटे, असा हा सरळ हिशेब. ठाणे जागचे हलत नाही म्हणूनच तो जुळतो. गुरू ग्रहावर नेमकी हीच सोय नाही.

गुरूला पाय टेकवता येईल असा पृष्ठभाग नाही. दुर्बिणीतून दिसतात ते ढगांचे पट्टे, आणि त्यांचा वेगही सारखा नाही. ठाणे-कल्याण मार्गावरच्या प्रवाशाला हा प्रकार अपरिचित नसावा. जलद लोकलच्या खिडकीतून पाहिले, तर शेजारची धीमी लोकल पुढे धावत असूनही मागे सरकताना दिसते. गुरूच्या विषुववृत्तालगतचे ढग ९ तास ५० मिनिटे ३० सेकंदांत एक फेरी पूर्ण करतात; त्यांच्या उत्तरेकडच्या व दक्षिणेकडच्या ढगांना सुमारे ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंद लागतात. सुमारे ४७ दिवसांत विषुववृत्तीय ढग इतरांना एक अख्खा वळसा घालून पुढे जातात. त्यामुळे गुरूसाठी रेखांशाच्या दोन स्वतंत्र प्रणाली आखाव्या लागल्या. प्रणाली एक विषुववृत्ताची, तर प्रणाली दोन उर्वरित ग्रहाची.

हे मोजमाप डोंबिवलीतील एखाद्या गच्चीवरूनही करता येते. शहरी दिव्यांच्या झगमगाटात तेजोमेघ हरवतात. त्यांच्यासाठी बदलापूरच्या पुढे वांगणी गाठावे लागते, जेथे खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत आले आहेत. गुरू मात्र झगमगाटाला दाद देत नाही. चांगल्या दुर्बिणीतून त्याच्यावरचा एखादा ठळक डाग निवडायचा आणि तो बिंबाच्या बरोबर मध्यावर आला की वेळ टिपायची. सोमवारी रात्री आठला मध्यावर दिसलेला प्रसिद्ध ‘तांबडा डाग’ पाच फेऱ्या संपवून बुधवारी रात्री ९ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास पुन्हा तेथेच येतो. नजरेच्या अंदाजात तीन मिनिटांची चूक झाली, तर पाच फेऱ्यांत वाटून ती प्रत्येकी ३६ सेकंद भरते. महिनाभराच्या सुमारे ७२ फेऱ्यांत वाटली, की अवघी अडीच सेकंद. मात्र पृथ्वीवरून गुरूकडे पाहण्याची दिशा रोज थोडी बदलते आणि तेथून प्रकाश येण्यास ३३ ते ५४ मिनिटे लागतात. या दोन्हींची वजावट करावीच लागते. जिओव्हानी कॅसिनी याने १६६५मध्ये याच रीतीने ९ तास ५६ मिनिटे हा काळ काढला होता. त्या काळच्या दुर्बिणी पाहता ही अचूकता थक्क करणारीच म्हणावी लागेल.

पण तांबडा डाग हीसुद्धा खुणेची शिळा नव्हे. प्रणाली दोनमध्ये त्याचा रेखांश अलीकडच्या वर्षांत महिन्याला साधारण दीड-दोन अंशांनी सरकत आहे, शिवाय तो आकसतही चालला आहे. ढग म्हणजे हवा. ग्रहाचा गाभा किती वेगाने फिरतो हे ते सांगत नाहीत.

याचे उत्तर रेडिओ लहरींनी दिले. १९५५मध्ये बर्नार्ड बर्क व केनेथ फ्रँकलिन यांना गुरूकडून येणारे रेडिओ स्फोट आढळले. त्यांचा उगम गुरूच्या चुंबकक्षेत्रात आहे आणि हे क्षेत्र ग्रहाच्या अंतर्भागात निर्माण होते. त्याचा अक्ष परिवलनाच्या अक्षाशी सुमारे दहा अंशांचा कोन करतो. त्यामुळे ते प्रत्येक फेरीत डोलते आणि संकेत ठराविक अंतराने परत येतात. त्यावरून तिसरी प्रणाली ठरली : ९ तास ५५ मिनिटे २९.७ सेकंद.

शनीने मात्र हीच युक्ती निकामी केली. व्हॉयेजर यानांनी १९८०-८१मध्ये रेडिओ लहरींवरून १० तास ३९ मिनिटे २४ सेकंद हा काळ दिला. २००४मध्ये तेथे पोहोचलेल्या कॅसिनी यानाला तो सुमारे सहा मिनिटांनी अधिक आढळला. एवढा प्रचंड ग्रह वीस-पंचवीस वर्षांत इतका मंदावणे अशक्यच. शनीचा चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. डोलणेच नाही, तर मोजायचे काय? अखेर कड्यांनीच हा पेच सोडवला. ग्रहाच्या अंतर्भागातील कंपनांमुळे कड्यांत उमटणाऱ्या लाटा अभ्यासून २०१९मध्ये नवा आकडा काढण्यात आला : १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंद.