सोंग देवाचें, मान कोणाचा?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलुखांत गांवच्या यात्रेला तमाशाचा फड लागला कीं गण आटोपतांच गवळण सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आडवा येतो, मावशीशीं हुज्जत घालतो आणि मंडळी पोट धरून हंसतात. हा कृष्ण परंपरेनें बहुधा महार, मांग किंवा कोल्हाटी समाजांतील कलावंतच रंगवीत. बोर्डावर तो देव. खालीं उतरल्यावर मात्र पूर्वी त्यालाच देवळाची पायरी बंद होती. पुण्यांत पर्वतीच्या देवदर्शनासाठीं १९२९ सालीं सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें झालें तें १९४७ सालीं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

कोणाची भूमिका कोणीं करावी, हा वाद पाश्चात्त्य रंगभूमीवर वर्णावरून पेटला. शेक्सपिअरचा ऑथेल्लो हा मूर. परंतु गोरे नट तोंडाला काळा रंग फांसून ती भूमिका करीत आले. १८३३ सालीं आयरा ऑल्ड्रिज या कृष्णवर्णी नटानें ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्यें केली, तेव्हां वृत्तपत्रांतून हीन टीका झाली व दोन प्रयोगांवरच खेळ थांबला. पुढें १९६४ सालींही लॉरेन्स ऑलिव्हिए रंग लावूनच उभा राहिला! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानें ही चाल २०१५ सालीं सोडली.

तिकडे भूमिकाच हिरावली गेली. इकडे भूमिका मिळाली, मान मिळाला नाहीं. या दोहोंत दुसरा अन्याय ओळखण्यास अधिक कठीण, कारण टाळ्या तर पडतच असतात.

देवलांनीं ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला खरा, परंतु पांढरपेशा रंगभूमीवर वाद गाजला तो निराळाच: स्त्रीची भूमिका पुरुषानें करावी काय? बालगंधर्वांचें लावण्य एका बाजूस, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' मधील स्त्री-नटी दुसऱ्या बाजूस. त्या वादांत जातीची गोष्ट क्वचितच निघे. कुळकर्णी घराण्यांतील श्रीधर कृष्णाजी पठ्ठे बापूराव होऊन तमाशांत गेले व पवळाबाई हिवरगांवकरांच्या साथीनें गाजले. त्यांच्या जातीची चर्चा मात्र खूप झाली, कारण ते वरून खालीं आले असें लोक मानीत.

या अवहेलनेला उत्तर कलावंतांनींच दिलें. १९३० नंतरच्या दशकांत भीमराव कर्डक आदि मंडळींच्या आंबेडकरी जलशांतून कृष्ण-गवळणींची जुनी छेडछाड वगळली गेली. ढोलकी तीच, गळे तेच. पण शाळा, मंदिरप्रवेश आणि गांवकीचीं कामें यांवरचे संवाद सुरू झाले, आणि ते बोलणारा माणूस कोणाचेंहि सोंग घेऊन उभा नव्हता.