बरहुकूम आणि बढत

आमच्या भाच्याने परवा मला अडचणीत टाकले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळात मारिओ पाण्याखाली शिरला की तीन मात्रांच्या झोक्यात एक चाल वाजते. ती त्याने नुसत्या कानाने ऐकून, स्वर न् स्वर टिपून संगणकावर मिडीत उतरवली. महिनाभर रोज रात्री तो त्या एका चालीपाशी बसला होता. घरी आलेल्या पाहुण्यांनी ती ऐकली, मान डोलावली आणि विचारले, “छान! पण यात तुझे काय?”

पाहुणे चहा पिऊन गेले. प्रश्न मात्र घरातच राहिला. रात्री भाचा म्हणाला, “मामा, खरंच, यात माझं काय?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मिडी म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. त्यात आवाजच नसतो. कोणता स्वर, केव्हा, किती जोराने वाजवायचा आणि केव्हा सोडायचा, एवढ्या आज्ञा असतात. पियानोच्या मधल्या ‘सी’चा आकडा ६०, जोराचे माप १२७ पर्यंत. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली ही भाषा रूढ झाली आणि एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागले.

योगायोग असा, की त्याच वर्षी जपानात निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ बाजारात आला. त्याच्या पोटात आवाज अवघे पाच: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक मुद्रित तुकडे वाजवणारा. एवढ्या तुटपुंज्या संसारात कोजी कोंदो यांनी १९८५ साली मारिओच्या चाली बांधल्या. त्यांतली मुख्य चाल २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली.

या चालींवर जीव टाकणाऱ्यांचे पुढे दोन पंथ झाले. पहिला बरहुकूमवाल्यांचा. १९९६ साली निघालेल्या ‘व्हिडिओ गेम म्युझिक आर्काइव्ह’मध्ये अशा तीस हजारांहून अधिक मिडी साठल्या आहेत. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून तीन मिनिटांचे एमपीथ्री गाणे उतरवायला सात-आठ मिनिटे सहज लागत. मिडी काही सेकंदांत येई. दुसरा पंथ बढतवाल्यांचा. १९९९ साली सुरू झालेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स’चा दंडक असा, की मूळ चाल ओळखू आली पाहिजे, पण तीच जशीच्या तशी नव्या वाद्यांवर वाजवलेली चालणार नाही. या मंडळींची करामत इतकी वाढली, की २००८ साली कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’च्या एका नव्या आवृत्तीचे संगीत त्यांच्याकडूनच करवून घेतले.

मान अर्थात दुसऱ्या पंथाला जास्त. पहिल्याला लोक कारकून समजतात. पण या कारकुनाचे काम जरा पाहा. खेळात एखादा आवाज झाला, की चालीतला एक सूर तेवढ्यापुरता दबतो. त्याच्याखाली काय होते ते पुन्हा पुन्हा ऐकून शोधावे लागते. आवाज कमी, म्हणून रचनाकार तीन स्वर विजेच्या वेगाने एकामागून एक वाजवून एकत्र वाजल्याचा भास करतात. ते सुटे लिहायचे की एकत्र? सूर थरथरला, तो आंदोलन म्हणून लिहायचा की निराळा स्वर म्हणून? खेळाच्या आतले आकडे उकलून देणारी साधने आहेत. पण ती सेकंदाला साठ टिंबे पुढ्यात टाकतात. त्यांतून मात्रा, सम आणि तोंडचा आलाप माणसानेच ओळखायचा असतो.

आपल्याला हे नवे नाही. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीत घातल्या. त्या बंदिशी त्यांनी आपल्या म्हणून गायल्या नाहीत. पण आज कुणी त्यांची बढत करतो, तेव्हा पायाखाली तो कागद असतो. उलट, कागद म्हणजे गाणे नव्हे, हेही तितकेच खरे. गाणे गवयाच्या गळ्यात फुलते.

म्हणून दोघांना एका तराजूत घालू नये. बढत फसली तर “मला आवडली नाही” एवढेच म्हणता येते. बरहुकूम कामात मात्र चूक ही चूकच. तिथे लपायला जागा नाही.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “म्हणजे माझं काय, ते सांगा ना!” मी म्हटले, “जिथे मूळ चालीत ऐकू येत नव्हते आणि तू विचार करून एक स्वर लिहिलास, ती जागा तुझी.” तो क्षणभर थांबला. मग ओशाळून म्हणाला, “मामा, तशा चार जागा आहेत. त्यांतली एक मला अजून चुकल्यासारखी वाटते.”

आणि तो पुन्हा कानाला यंत्र लावून बसला. पाहुण्यांना याहून चांगले उत्तर मला देता आले नसते.