उपगमनाची अनुज्ञा आणि भूमीची उंची

उतरू पाहणाऱ्या प्रवासी विमानास वाहतूक-नियंत्रकाकडून उपगमनाची, म्हणजे धावपट्टीकडे उतरत येण्याची, अनुज्ञा मिळाली की पुढील वाटेत डोंगर नाही याची हमीही तीतच मिळाली, असा सर्वसामान्य समज असतो. वस्तुतः आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने हवाई वाहतूक-नियंत्रणाची जी उद्दिष्टे निश्चित केली आहेत, त्यांत विमानाची विमानाशी टक्कर टाळणे हे प्रमुख आहे. हवेतील विमानाची भूमीशी टक्कर टाळणे हे त्यांत नाही. ती जबाबदारी वैमानिकाची होय. या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे. नियंत्रक रडारच्या साहाय्याने विमानास स्वतः दिशा नेमून देत असेल, तर त्या अवधीत भूमीपासून पुरेसे अंतर राखण्याची काळजीही त्यानेच वाहावयाची असते. नियम व अपवाद दोन्ही कागदावर स्पष्ट आहेत. परंतु एकाची जबाबदारी कोठे संपते व दुसऱ्याची कोठे सुरू होते, याविषयी ढगांतून उतरणारा वैमानिक आणि पडद्यापुढे बसलेला नियंत्रक यांची समजूत एकच असेल, असे मात्र निश्चितपणे म्हणता येत नाही. यंत्रात कोणताही बिघाड नसलेले, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यातील विमान डोंगरावर आदळावे, अशा कित्येक अपघातांचे मूळ या संधिस्थानी आढळते.

या संदर्भात १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत घडलेला अपघात सर्वांत बोधप्रद आहे. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे उड्डाण करणारे बोइंग ७२७ विमान इंडियानापोलिसहून कोलंबसमार्गे वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाकडे निघाले होते. तेथे धावपट्टीस आडवा असा जोराचा वारा असल्यामुळे ते डलेस विमानतळाकडे वळविण्यात आले. विमान विमानतळापासून सुमारे ४४ सागरी मैल दूर व ७,००० फूट उंचीवर असतानाच नियंत्रकाने त्यास १२ क्रमांकाच्या धावपट्टीच्या उपगमनाची अनुज्ञा दिली. संदेशात उंचीची कोणतीही मर्यादा घातलेली नव्हती. वैमानिकांपुढील उपगमन-तक्त्याच्या उभ्या छेदात १,८०० फूट ही उंची दाखविलेली होती; पण ती राउंड हिल हे स्थान ओलांडल्यानंतर लागू होणारी होती. त्याच तक्त्याच्या नकाशात राउंड हिलकडे येणाऱ्या मार्गासाठी किमान ३,४०० फूट हा आकडा छापलेला होता. कॅप्टनाच्या दृष्टीस तो पडला होता आणि त्याने तो बोलूनही दाखविला होता, हे वैमानिक-कक्षातील ध्वनिमुद्रणावरून दिसते. तथापि नियंत्रकाने अनुज्ञा दिली त्याअर्थी आरंभीच्या उपगमन-उंचीपर्यंत उतरण्यास प्रत्यवाय नाही, असा निष्कर्ष कक्षातील अल्पशा चर्चेअंती निघाला. इकडे नियंत्रकाची समजूत अशी की, विमान आता स्वतःच्या मार्गनिर्देशनाने येत आहे, तेव्हा किमान उंची पाळणे हे वैमानिकाचे काम. विमान १,८०० फुटांकडे उतरले आणि माउंट वेदर या डोंगराच्या पश्चिम उतारावर सुमारे १,६७० फूट उंचीवर आदळले. त्यातील ९२ जणांपैकी एकही वाचला नाही.

चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळातच या अपघाताविषयी एकमत होऊ शकले नाही. तीन सभासदांच्या मते नियंत्रण-पद्धतीतील संदिग्धता हे मूळ कारण होते. तिच्यामुळे वैमानिक व नियंत्रक यांचा परस्परांच्या जबाबदाऱ्यांविषयी गैरसमज झाला. उरलेल्या दोघांनी नियंत्रकाने उंचीची मर्यादा न घालणे आणि वैमानिकाने तक्त्यावरील किमान उंची न पाळणे, या दोन चुकांवरच बोट ठेवले. बहुमताचा निर्णय अधिक मूलगामी वाटतो. दोन अनुभवी पक्ष एकच वाक्य ऐकून परस्परविरुद्ध अर्थ काढतात, तेव्हा दोष केवळ ऐकणाऱ्यांचा नसतो. इंग्रजीत 'क्लीअरन्स' हा एकच शब्द परवानगीसही वापरतात आणि विमान व भूमी यांमधील मोकळ्या अंतरासही. मराठीत त्यासाठी दोन शब्द योजावे लागतात, हे येथे सोयीचेच म्हटले पाहिजे. कारण पहिली गोष्ट मिळाली म्हणजे दुसरी मिळाली, असे नव्हे.

या अपघातापूर्वी सुमारे सहा आठवडे युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच उपगमनात त्याच गैरसमजाने खाली उतरून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ती सूचना इतर कंपन्यांपर्यंत पोहोचली नाही. १९७६ मध्ये नासा या संस्थेच्या देखरेखीखाली गोपनीय सुरक्षा-वृत्तांताची जी योजना सुरू झाली, तिच्यामागे हाच अनुभव होता. नियमही बदलला. अनुज्ञा मिळाली तरी तक्त्यावरील मार्गावर येईपर्यंत शेवटची नेमून दिलेली उंची सोडावयाची नाही, असे ठरले.

याच्या उलट प्रकार, म्हणजे नियंत्रकास विमानाचे स्थान अचूक ठाऊक असूनही ते वैमानिकापर्यंत न पोहोचणे, २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात घडला. मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गे निघालेले एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरत होते. त्याच्या रेडिओ-दिशादर्शक यंत्रांपैकी एक बैरूतपासूनच निकामी होते. माँ ब्लाँ शिखराच्या संदर्भात आपण कोठे आहोत, याचा कॅप्टनाचा अंदाज चुकला. रडारवर ती चूक नियंत्रकाच्या ध्यानी आली आणि शिखर अजून पाच मैल पुढे आहे, अशा आशयाचा संदेश त्याने दिला. आपण शिखराकडे जाणारी धार ओलांडली असल्याची समजूत वैमानिकाने त्यावरून करून घेतली व विमान उतरवीत ठेवले. सुमारे ४,७५० मीटर उंचीवर ते कड्यास आदळून ११७ जण मृत्युमुखी पडले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा त्यांत होते. पुरेशा काटेकोर शब्दयोजनेचा अभाव, असे कारण फ्रेंच चौकशी समितीने १९६७ मध्ये नोंदविले.

महाराष्ट्रासही असा अनुभव आहे. ७ जुलै १९६२ रोजी अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईस येत असता जुन्नरनजीकच्या डोंगरावर आदळले आणि ९४ जण दगावले. मुंबई प्रत्यक्षात होती त्याहून जवळ आली, असे समजून वैमानिकाने रात्रीच्या वेळी अकाली उतरणे सुरू केले होते. किनारपट्टीवरील विमानतळाकडे पूर्वेकडून येणाऱ्याने सह्याद्री अजून ओलांडावयाचा आहे हे क्षणभर विसरणे किती घातक असते, याची कल्पना यावरून येते.

शब्दांवर विसंबून राहण्याची मर्यादा अशा रीतीने उघड झाल्यावर यंत्रांकडे लक्ष वळणे साहजिक होते. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी विकसित केलेले भूमी-सान्निध्य-सूचक यंत्र रेडिओ-उंचीमापकाच्या आधारे खालील जमिनीचे अंतर मोजते व ते वेगाने घटू लागताच इशारा देते. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेत ते मोठ्या प्रवासी विमानांस सक्तीचे झाले. मात्र ते केवळ खाली पाहते, पुढे नाही. समोर उभा कडा असेल तर इशारा फार उशिरा मिळतो. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानास तो सुमारे बारा सेकंद आधी मिळाला. तेवढा अवधी पुरला नाही, १५९ जण गेले. पुढे भूपृष्ठाच्या उंचीचा जागतिक नकाशाच स्मृतीत साठविणारे यंत्र प्रचारात आले. ते विमानाचे स्थान व मार्ग त्या नकाशाशी ताडून पुढील डोंगराविषयी आधीच सांगते.

नियंत्रकाच्या बाजूसही, विमान किमान सुरक्षित उंचीखाली गेल्यास रडारच्या पडद्यावर सूचना देणारी योजना अमेरिकेत झाली. ग्वाम बेटावर तीतून वारंवार निरर्थक इशारे येत, म्हणून जवळजवळ संपूर्ण क्षेत्रात ती मुद्दाम बंद करून ठेवली होती. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचे बोइंग ७४७ विमान धावपट्टीच्या अलीकडील निमिट्झ टेकडीवर आदळले आणि सव्वादोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली, तेव्हा नियंत्रकाच्या पडद्यावर कोणतीही सूचना उमटली नव्हती.