सह्याद्रीवरचा आरोप

खंडाळ्याचा किंवा आंबेनळीचा घाट चढताना काळ्या कातळाचे एकावर एक रचलेले थर आपण सर्वांनीच पाहिले आहेत. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हारस, हेही आपण शाळेत शिकलो. पण याच कातळावर एक गंभीर आरोप आहे, हे फारसे कोणाच्या गावी नसते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरसह पृथ्वीवरील जवळजवळ तीन चतुर्थांश जीवजाती नष्ट झाल्या. त्या संहारात सह्याद्रीचाही हात होता, असा तो आरोप!

दुसरा संशयित आकाशातून आलेला. इटलीतील गुब्बिओ गावाजवळ चुनखडीच्या थरांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची मातीची पट्टी आहे. भूपृष्ठावर अत्यंत दुर्मिळ, पण अशनींमध्ये विपुल असणारे इरिडियम या पट्टीत अनेक पटींनी जास्त सापडले. त्यावरून ल्युइस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० मध्ये निष्कर्ष काढला, की सुमारे १० किलोमीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला असावा. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे जमिनीखाली गाडलेले सुमारे १८० किलोमीटर रुंदीचे विवर हीच त्या आघाताची जागा, असे १९९१ मध्ये मांडण्यात आले.

या आघाताने पृथ्वी किती हादरली? त्या भूकंपाची तीव्रता ११ च्या आसपास असावी, असा एक अंदाज आहे. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे किल्लारीच्या कोटीहून अधिक पट ऊर्जा! याच्या खुणा आजही दिसतात. कोलंबियाच्या गोर्गोनिया बेटावर आघातातून उडालेले काचेचे बारीक मणी ज्या थरांत साचले, ते थर मुरडलेले व चिरलेले आहेत. हादरे काही आठवडे, कदाचित महिनेही चालू राहिले असावेत, असे तेथील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले. विवरापासून सुमारे ३००० किलोमीटर दूर, अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात, गाळात गाडलेल्या माशांच्या कल्ल्यांत असेच मणी अडकलेले आढळले. समुद्राची लाट तेथवर पोचायला कित्येक तास लागले असते. भूकंपलहरी मात्र मिनिटांत पोचतात. हलवलेल्या परातीतील पाण्यासारखे तेथील पाणी हिंदकळले असावे, असा तर्क त्यावरून केला गेला.

मग या हादऱ्यांनी आपल्याकडचा लाव्हाही उसळला काय? तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि दख्खनचे उद्रेक आघातापूर्वीच सुरू झाले होते. त्यामुळे आघाताने ज्वालामुखी पेटवला, असे म्हणता येत नाही. पण भूकंपाने त्याला जोर चढला असेल, असे मार्क रिचर्ड्स व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सुचवले. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्याच ठिकाणांची नावे ज्यांना दिली आहेत, ते प्रचंड लाव्हाथर त्यांच्या नजरेसमोर होते.

याचा निकाल कालमापनावर अवलंबून आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. लाव्हाथरांच्या मधल्या तांबड्या मातीतील झिरकॉनचे स्फटिक तपासणाऱ्या गटाला एक मोठा उद्रेक आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झालेला दिसला. खुद्द कातळाचे वय मोजणाऱ्या गटाच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर बाहेर पडला. बहुतेक उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपले, यावर दोघांचेही एकमत. पण कळीच्या प्रश्नाचे उत्तर दोन बाजूंना!

२०२० मध्ये सागरी गाळाच्या अभ्यासातून आणखी एक साक्ष मिळाली. दख्खनच्या वायूंमुळे वाढलेले तापमान आघातापूर्वीच उतरले होते. मुख्य गुन्हेगार लघुग्रहच, हे मत त्यामुळे बळावले. सह्याद्रीला संशयाचा फायदा मिळाला, पण तो निर्दोष सुटलेला नाही. संहारानंतर जीवसृष्टी सावरायला वेळ लागला, त्यात त्याचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या वेळी घाटातून जाताना काळ्या कातळांमधली ती तांबडी रेघ जरूर पाहावी. दोन उद्रेकांमधली उसंत तिच्यात नोंदली आहे. लाव्हा थंडावला, त्याची माती झाली आणि पुन्हा नवा लोट आला. अशा रेघांतले मूठभर स्फटिकच या खटल्यातले सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरणार आहेत.