घरी बांधलेल्या मोटारीचा अल्टरनेटर : तीन तारा आणि एक दिवा

मोटार ही कारखान्यातूनच तयार होऊन यायची वस्तू, अशी आपली समजूत. इंग्लंडात मात्र सुटे भाग घरी आणून स्वतःच्या हाताने मोटार बांधण्याचा नाद जुना आहे. अशा गाडीला तिकडे किट कार म्हणतात. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही गाडी काढली आणि ती सुट्या भागांतही विकली. कारण मोठे व्यवहारी होते. तयार मोटारीवर खरेदी कर बसे, सुट्या भागांवर बसत नसे. १९७३ साली तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, पण नाद काही संपला नाही. आपल्याकडेही सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, एका कारागिराने बांधलेली छोटी जीप २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई.

अशा हौशी माणसाला लोखंडकाम येते, इंजिनही बसवता येते. हात अडतो तो तारांपाशी. आणि इथली चूक महागात पडते. रात्री मधल्या रस्त्यात दिवे मंद होत विझतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तार तापून गाडीच पेटते. म्हणून अल्टरनेटरची जोडणी नीट समजून घेऊ. आपल्या ट्रॅक्टरवरही बहुधा याच जातीचे यंत्र असते, तेव्हा ही माहिती वाया जाणार नाही.

जुन्या गाड्यांना डायनामो असे. इंजिन हळू चालले की तो जवळजवळ काहीच देत नसे. अल्टरनेटर कमी फेऱ्यांतही वीज देतो. त्याच्या आत चुंबक होणारे वेटोळे फिरते, भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि डायोड ती एका दिशेने वळवून बॅटरीला देतात. व्होल्टेज वाढू नये म्हणून रेग्युलेटर असतो. हल्ली तो बहुधा आतच बसवलेला असतो.

मागे पाहिले तर जाड बोल्ट दिसेल. तो ‘बी प्लस’. येथून जाड तार थेट बॅटरीच्या धन टोकाकडे, किंवा स्टार्टरवर बॅटरीची तार येते त्या बोल्टकडे न्यायची. ४५-५५ अँपिअरच्या अल्टरनेटरला साधारण १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्यावी. घरात उरलेली दिव्याची तार येथे चालणार नाही. ही तार चावी बंद असतानाही जिवंत असते. म्हणून बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज घालावा, आणि पाना लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडावे.

दुसरी तार अर्थची. लोखंडी गाडीत चासीच परतीची वाट होते. पण पुष्कळ किट गाड्यांचे अंग फायबरग्लासचे असते आणि त्यातून वीज वाहत नाही. शिवाय इंजिन रबरावर बसलेले. म्हणून इंजिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन जाड पट्ट्या लावाव्यात. बोल्टखालचा रंग खरवडून लोखंड उघडे करावे.

तिसरी तार बारीक, आणि लोक चुकतात ते हिच्याशीच. ती ‘डी प्लस’ किंवा ‘एल’ असे लिहिलेल्या टोकाची. चावीकडून आलेली वीज डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून या टोकाला जाते. हा दिवा केवळ इशाऱ्यासाठी, असे समजून कित्येक जण तो गाळतात. मग नवा कोरा अल्टरनेटर मुका बसतो आणि दोष दुकानदाराला मिळतो!

विहिरीवरच्या पंपात आधी पाणी भरावे लागते, तेव्हाच तो पाणी ओढतो. तसेच इथे आहे. चावी फिरवली की दिव्यातून थोडीशी वीज फिरत्या वेटोळ्यात जाते आणि त्याचे चुंबक होते. पुढे अल्टरनेटर स्वतःच वीज करू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्टेज येते. दोन हौदांची पातळी सारखी झाली की मधल्या नळातून पाणी वाहत नाही, तसा दिवा विझतो. काही अल्टरनेटर इंजिन जोरात रेटले तर दिव्यावाचूनही जागे होतात, पण त्या भरवशावर गाडी बांधू नये.

दिवा १२ व्होल्ट, दोन ते तीन वॅटचा असावा. एलईडी लावायची असेल तर तिच्या जोडीला समांतर ५० ओहमच्या आसपासचा, ५ वॅटचा रेझिस्टर लावावा, कारण एकट्या एलईडीतून पुरेशी वीज जात नाही. ‘डब्ल्यू’ टोक दिसले तर ते फेऱ्या मोजणाऱ्या काट्यासाठी असते, तो नसेल तर मोकळे सोडावे.

आता तपासणी. चावी फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे, इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मल्टिमीटर बॅटरीवर धरा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू असताना १४ च्या जवळपास. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. दिवा विझूनही आकडा चढत नसेल तर तारेचे सांधे पाहा.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून ‘चार्जिंग पाहण्याची’ जुनी खोड मात्र सोडा. डायनामोला ते कदाचित खपे, अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड जळतात. बॅटरी उलटी जोडली तरी तेच. चासीवर किंवा ट्रॅक्टरच्या हुकावर वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरी सोडवा, अल्टरनेटरच्या ताराही काढा आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी जवळ पकडा.