ठरलेल्या रकमेत सफर

आम्हा कापडवाल्यांना पेन्शन नसते. दुकान मुलांच्या हाती दिले की गाळ्याचे भाडे किंवा घरातून मिळणारी ठरलेली रक्कम, एवढीच आवक. प्रवासासाठी मुलांपुढे हात पसरायला नको म्हणून अनेक बुजुर्ग घरातच बसून राहतात. हिशेब नीट केला तर ही पाळी येत नाही.

रेल्वेत पुरुषांना ६० व्या वर्षापासून ४० टक्के, स्त्रियांना ५८ व्या वर्षापासून ५० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली. तेव्हा रेल्वेचे भाडे पूर्ण धरूनच बेत आखावा.

एस.टी.चा हिशेब निराळा. ऑगस्ट २०२२ पासून ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. मार्च २०२३ पासून स्त्रियांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट. म्हणजे मियाँ पासष्टीचा झाला की जोडप्याचा प्रवास एका तिकिटाच्या पैशांत होतो. आधार कार्ड जवळ ठेवावे. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. गुलबर्ग्याला जाताना हद्दीपुढचे भाडे पूर्ण धरावे.

दुसरी बचत हंगामाची. ईद, दिवाळी, लग्नसराई हे आमच्या धंद्याचे दिवस. तेव्हा गल्ला सोडता येत नाही. निवृत्तीनंतर मात्र दिवस निवडणे आपल्या हाती असते. मे महिना व दिवाळीची सुटी टाळून खुलदाबाद-दौलताबादला जावे. गर्दी नसली की खोलीचे भाडेही बोलून कमी करता येते. दरमहाच्या रकमेतून सफरीचे पैसे आधी वेगळे काढावेत, आणि जमले तेवढ्याच अंतराचा बेत करावा.